विमानवाल्याचा सत्कार

येळ्ळूरात गुणाबाईच्या तोंडाला लागायला कुणी सहसा धजत नसे. सिटी बसच्या कंडक्टरनं एकदा तिला तिच्या थांब्यावर न उतरवता पुढं नेलं, तर तिनं भाजीची पाटी बसच्या चाकासमोर मांडली, वर स्वतः बसली आणि बस मागं घ्यायला लावली. रेशन दुकानदार ती रांगेत दिसली की आधी काटा पुसून घेई. पण या रागाची गावाला भीती कमी आणि गंमत जास्त वाटे. ‘गुणाक्का तापल्या बघ’ म्हणत पोरंसोरंसुद्धा कट्ट्यावर टेकून ऐकत बसायची. रोज तापणाऱ्या माणसाचा राग कुणी मनावर घेत नाही, तसं तिचं झालेलं.

नवरा आण्णाप्पा अगदी उलट. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यानं उभं आयुष्य साच्यात लोखंड ओतलं, आणि तिथल्या धगीपुढं जे गप्प राहायची सवय लागली ती घरीही सुटली नाही. नोकरी संपल्यावर तो शेतात रमला. दोघांचं मिळून एका माणसाइतकं बोलणं होई, आणि ते सगळं गुणाबाई बोले. मुलगी रचना खासबागेत दिलेली. ती माहेरी आली की म्हणायची, “आई, आप्पाला पण एखादं वाक्य बोलू दे की गं.”

“मी काय त्यांचं तोंड बांधून ठेवलंय?” गुणाबाई म्हणे. आण्णाप्पा हसे.

भात कापून झालेलं, तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरातला रविवार होता. दुपार कलायला लागली होती. राजहंसगडाच्या पायथ्याकडच्या त्यांच्या शेतात आण्णाप्पा गंजीवर उभा राहून पेंढ्या रचत होता आणि गुणाबाई खालनं एकेक पेंढी वर फेकत होती. बासमतीचा वास सगळ्या शिवारात भरलेला.

विमानं त्यांना नवी नव्हती. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका कंपनीची लहान विमानं रोज डोक्यावरनं घुरघुरत जायची. सुरुवातीला माणसं वर बघायची, मग बघायची थांबली. त्या दिवशी मात्र घुरघुर नव्हती. गुणाबाईला आधी दिसली ती सावली. कापलेल्या भाताच्या खुंटांवरनं एक सावली सरपटत आपल्याकडं येतेय, एवढंच तिला कळलं. तिनं मान वर केली. पांढरं विमान, अगदी खाली, झाडाच्या शेंड्याइतक्या उंचीवर, आणि त्याला आवाजच नाही. पुढचा पंखा नुसता उभा.

“अवो! उडी मारा! खाली उडी मारा!” ती किंचाळली.

आण्णाप्पा पाठमोरा होता. त्यानं लगेच वळून बघितलं नाही. ती दिवसभर ओरडतच असे. पेंढी वाकडी लागली, दोरी कुठं ठेवली, पाणी का प्याला नाही. हेही तसलंच काहीतरी असणार असं त्याला वाटलं. हातातली पेंढी नीट बसवून मग तो वळला.

तोवर विमानाची चाकं खुंटांवर टेकली होती. बांधावर आदळून ते उसळलं, वाकडं झालं आणि त्याचा एक पंख गंजीत घुसला. गंजी फुटली. आण्णाप्पा पेंढ्यांसकट खाली आला आणि मोडलेला पंख त्याच्या उजव्या पायावर पडला.

गुणाबाई धावली. पंखाला धरून ती उचलायला लागली. हलेना. आण्णाप्पा ओरडतही नव्हता, नुसता तिच्याकडं बघत होता. त्याच वेळी विमानाचं दार उघडून एक माणूस बाहेर आला. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. कोपराला खरचटलेलं, एवढंच. तो दोन पावलं चालला आणि बांधावर बसून त्यानं खिशातनं मोबाईल काढला.

“ये, हात लाव! माणूस अडकलाय हितं!” गुणाबाई त्याच्यावर ओरडली.

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि एक बोट वर केलं. थांबा, एवढं बोलून होऊ दे, असं. आणि फोनवर तो हिंदीत म्हणाला, “सर, फ्यूल खतम हो गया. दोनों टँक ड्राय. नहीं सर, मैंने चेक नहीं किया था.”

हिंदी गुणाबाईला चांगली कळत होती. शहापुरात साडीच्या दुकानांपुढं बसून तिनं अर्धं आयुष्य भाजी विकली होती. गिऱ्हाईक ज्या भाषेत घासाघीस करेल त्या भाषेत ती उत्तर देई. तो काय बोलला ते तिनं शब्दन् शब्द ऐकलं. ऐकलं आणि पुन्हा पंखाला हात घातला. मग आजूबाजूच्या शेतातनं माणसं धावत आली, पंख उचलला, आण्णाप्पाला कुणाच्या तरी टेम्पोत घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात रचनानं पेपर आणला. पहिल्या पानावर फोटो होता. विमान, बाजूला विस्कटलेली गंजी, आणि गोल चौकटीत तो पट्टीवाला. कॅप्टन नागेंद्र. इंजिनात अचानक बिघाड झाला असताना त्यांनी प्रसंगावधान राखून विमान गावच्या शाळेवरून वळवलं आणि शेकडो मुलांचे प्राण वाचवले, असं छापलेलं. रचना वाचता वाचता थांबली.

“वाच की म्होरं,” गुणाबाई म्हणाली.

“एक शेतकरी किरकोळ जखमी,” रचना हळू आवाजात म्हणाली.

गुणाबाईनं पेपर तिच्या हातातनं ओढून घेतला. खाटेवरच्या चादरीकडं बघितलं. उजवीकडं चादर गुडघ्यापाशीच सपाट झाली होती. तिनं पेपराचा बोळा केला आणि वॉर्डात ओरडली, “किरकोळ! कोण ल्हिवतंय हे? बोलीव त्याला हितं! आणि शाळा कसली वाचिवली? रविवार हुता! शाळंला कुलूप हुतं!”

नर्स धावत आली. बाकीचे पेशंट उठून बसले. रचना आईचा दंड धरून म्हणत होती, “आई, हळू. दवाखाना हाय हा.”

गुणाबाईनं त्या दिवसापासून दिसेल त्याला सांगायला सुरुवात केली. भेटायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, पोलिसाला सांगितलं, पेपरवाल्या एका पोराला सांगितलं. इंजिन बिघडलं नव्हतं, तेल नव्हतं टाकीत. त्यानं बघितलंच नव्हतं. माझ्या कानानं ऐकलंय. लोक मान डोलवायचे. बाहेर पडल्यावर एकमेकांना म्हणायचे, नवऱ्याचा पाय गेलाय, बोलणारच. तशी ती आधीपासनंच तापट. पोलिसानं कन्नडमध्ये काहीतरी लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा मागितला. तिनं सही केली, आणि ‘वाचून दाखवा’ म्हणाली. त्यानं वाचलं. ‘विमान पडले, पती जखमी झाले.’ तेलाचं त्यात काही नव्हतं.

“मी सांगितलेलं कुठं हाय?”

“ते आमचं काम नाही, बाई. ते विमानखात्याचे लोक बघतील.”

आण्णाप्पा घरी आला. काखेत कुबड्या घेऊन ओसरीवर बसायला लागला. आणि एके दिवशी त्याचा धाकटा भाऊ मारुतीराव आला. गावच्या शाळेच्या कमिटीचा तो अध्यक्ष होता. पांढरी पँट, हातात मोबाईल, नेहमी कुठल्या तरी कार्यक्रमातनं आलेला किंवा कुठल्या तरी कार्यक्रमाला निघालेला.

“वैनी, चांगली बातमी हाय,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “इमानाच्या कंपनीवालं शाळंला दोन खोल्या बांधून देतो म्हणालेत. आपण त्यांचा, त्या कॅप्टनसाहेबांचा सत्कार ठेवलाय. शाळंच्या पटांगणात. आणि अण्णाचा पण.”

गुणाबाईला आधी समजलंच नाही. “ह्यांचा कसला?”

“सत्कार गं. त्याच्या शेतात इमान उतरलं न्हवं. कॅप्टनला शाल अण्णाच्या हातानं द्यायची, आणि अण्णाला कॅप्टनच्या हातानं. पेपरवालं येणार हाईत. लई चांगलं दिसतंय बग ते.”

गुणाबाई उठून उभी राहिली. “भावजी, ज्यानं पाय तोडला त्याला ह्यांनी शाल घालायची?”

“त्यानं मुद्दाम तोडला काय? इंजिन बंद पडलं—”

“तेल संपलं हुतं!”

“तुज्याशिवाय कुणी ऐकलंय ते?”

“तुमी ऐका की, मी सांगतोय न्हवं? आणि रविवार हुता का न्हाय, ते तर तुमाला ठावं हाय? शाळंची किल्ली तर तुमच्याच खिशात असती!”

मारुतीराव हसला. तिचं बोलणं हसण्यावारी न्यायची सगळ्या गावाला सवय होती. “अगं, रविवार-सोमवार कोण बघतंय? पोरांना खोल्या मिळतात. तू गप ऱ्हा. अण्णा, तू सांग. येतोस न्हवं?”

आण्णाप्पानं कुबडीचं टोक फरशीवर फिरवलं. “गावाचं चांगलं हुत असंल तर येतो,” तो म्हणाला.

गुणाबाई आत गेली. तिला नवऱ्याचाही राग आला, इतका की त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं पण त्याच्यासमोर बसली नाही. आणि रागाच्या तळाशी तिला आणखी एक गोष्ट डाचत होती, जी ती कुणाला बोलली नव्हती. आपण इतकी वर्षं इतकं ओरडलो की खरं ओरडलो तेव्हा ह्यांनी वळून बघितलं नाही. हेच आता सगळं गाव करतंय.

सत्काराच्या सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. लाऊडस्पीकर, पाहुण्यांसाठी गाद्यांच्या खुर्च्या, मुलींचं स्वागतगीत. आण्णाप्पाला मंचावर कडेला बसवलं. कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा बांधला होता. कंपनीचा मॅनेजर कन्नडमध्ये बोलला, मग मारुतीराव मराठीत बोलला. मृत्यूच्या दाढेतनं आपल्या लेकरांना ओढून काढणारा देवमाणूस, असं काहीतरी. टाळ्या झाल्या. गुणाबाई बायकांमध्ये खाली बसली होती. शेजारच्या बायका तिच्याकडं चोरून बघत होत्या.

मग आण्णाप्पाचं नाव पुकारलं. तो कुबडीवर उठला. मारुतीरावानं त्याच्या एका हातात शाल दिली. कॅप्टन नागेंद्र हसत पुढं आला आणि मान लववून उभा राहिला.

गुणाबाई उठली. बायकांमधनं वाट काढत, पायऱ्या चढून मंचावर गेली आणि नवरा आणि तो माणूस यांच्या मध्ये उभी राहिली.

“साहेब, मला वळकलं?”

त्यानं ओळखलं होतं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मॅनेजरकडं गेले. “हाँ मावशी. नमस्ते. बहुत अफसोस—”

“इंजिन का बंद पडलं?”

“मावशी, टेक्निकल—”

“का बंद पडलं? बांधावर बसून फोनवर काय बोललासा? ह्यांचा पाय पंखाखाली हुता. मी हाक मारतोय, आणि तुमी मला बोट दाखिवलं. थांब म्हणून. मी थांबलो. आता बोला.”

मारुतीराव पुढं झाला. “वैनी, खाली चल. तमाशा करू नगंस.”

तिनं माईक ओढून घेतला. “गावकऱ्यांनो, त्या दिशी रविवार हुता. शाळंत कोण हुतं? तुमची पोरं कुठं हुती, सांगा! कुणाचं पोरगं हुतं शाळंत? उभं ऱ्हावा!”

कुणी उभं राहिलं नाही. एका कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मारुतीरावानं खूण केली आणि स्पीकर बंद झाला. पण गुणाबाईला स्पीकर कधी लागला होता? “टाकीत तेल न्हवतं! गाडी घिऊन बेळगावला जाताना आमची पोरं पण पेट्रोल बघत्यात! ह्यो माणूस आभाळात गेला आणि बघितलं न्हाय! त्याला शाल घालतासा?”

दोघातिघांनी तिचे हात धरले. तेवढ्यात मागनं आवाज आला.

“हात सोडा तिचा.”

आण्णाप्पा बोलला होता. मोठ्यानं नाही, पण मंचावरची माणसं थबकली, कारण त्याचा आवाज बहुतेकांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यानं शाल मारुतीरावाच्या हातात परत दिली, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, “चल गुणे. घरला जाऊया.”

ती दोघं पायऱ्या उतरली. कुबडीचा नेम चुकत होता, तिनं त्याला काखेत धरलं होतं. कॅप्टन नागेंद्र मान खाली घालून उभा होता.

कंपनीनं खोल्या बांधल्या नाहीत. त्याचं खापर गुणाबाईच्या माथी फुटलं. नळावर बायका ती आली की बोलणं बदलायच्या. मारुतीरावानं येणंजाणं सोडलं. एका मास्तरणीनं तिला रस्त्यात थांबवून म्हटलं, “तुमच्यामुळं पोरं अजून व्हरांड्यात बसतात, आक्का.” गुणाबाई म्हणाली, “माझ्यामुळं? सरकार कुठं मेलंय? आधी त्यास्नी इचार, मग माझ्याकडं ये.” पण पोरांच्या खोल्यांचं तिलाही वाईट वाटत होतं. खोटं बोलल्याशिवाय पोरांना खोली मिळत नाही, याचाही तिला राग आला.

विमानखात्याची माणसं दिल्लीहून येऊन गेली. त्यांनी शेत बघितलं, फोटो घेतले आणि ओसरीवर बसून तिचं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडून बोलली, तरी त्यांच्यातला एक जण मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मारुतीराव अचानक दारात उभा. हातात मोबाईल.

“वैनी, रिपोर्ट आला,” तो म्हणाला. “तेलच संपलं हुतं. म्हैसूरहून निघताना त्यानं भरलंच न्हवतं म्हणं. लायसन काढून घेतलंय त्याचं. तुजंच खरं निघालं बग.”

त्याला वाटलं, ती खूश होईल.

“माजं खरं आता निघालं व्हय?” ती म्हणाली. “दिल्लीच्या माणसानं सांगितलं की खरं? मी सांगत हुतो तवा काय हुतं ते? भावजी, तुमास्नी ठावं हुतं. किल्ली तुमच्या खिशात हुती. आता माज्या दारात शाबासकी द्यायला येऊ नगा.”

मारुतीराव उभ्या उभ्या परत गेला.

त्याच पावसात, लावणी चालू असताना, तो माणूस आला. गुणाबाई गुडघाभर चिखलात रोपं लावत होती. बांधावर कुणीतरी छत्री घेऊन उभं आहे असं तिला वाटलं. साधा शर्ट, दाढी वाढलेली. खांद्यावर पट्ट्या नसल्यामुळं तिनं आधी ओळखलं नाही.

“मावशी,” तो मोडक्या मराठीत म्हणाला. “मी नागेंद्र. तुम्हाला सांगायचं होतं. मला उशीर होत होता. टाकीत पट्टी घालून पेट्रोल किती आहे ते बघायचं असतं. मी नाही बघितलं. पुरेल असं वाटलं.”

तिनं हातातली रोपं खाली ठेवली. किती वेळा तिनं मनात हा माणूस समोर उभा केला होता, त्याला काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. आता तिला त्यातलं एकही आठवेना. आठवलं ते वर केलेलं बोट.

“मला कशाला सांगतासा?” ती म्हणाली. “मला त्या दिशीच म्हाईत हाय. शाळंत चला.”

“आत्ता?”

“आत्ता. शाळा चालू हाय. आज रविवार न्हाय.”

ती पुढं, चिखलानं भरलेल्या पायांनी, आणि तो मागं, छत्री मिटून, अशी ती दोघं गावातनं गेली. गल्लीत माणसं बाहेर आली. कट्ट्यावरची उठून मागं लागली. शाळेच्या पटांगणात मास्तर, मास्तरीण, व्हरांड्यात बसलेली पोरं, आणि कुणीतरी फोन केल्यामुळं धावत आलेला मारुतीराव.

“बोला,” गुणाबाई म्हणाली.

तो पावसात भिजत उभा होता. “मी शाळा वाचवली नाही,” तो म्हणाला. “विमानात पेट्रोल नव्हतं. मी बघितलं नव्हतं. मी काही वळवलं नाही, विमान जिथं पडायचं तिथं पडलं. आण्णाप्पांचा पाय माझ्यामुळं गेला. आणि मावशी मदत मागत होत्या तेव्हा मी फोनवर बोलत बसलो.”

“बास, बास, साहेब,” मारुतीराव म्हणाला. “झालं-गेलं जाऊ दे की. पाऊस लागालाय, आत चला.”

“जाऊ दे म्हणणारा तू कोण?” गुणाबाई ओरडली. तिनं त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. “तुजा पाय गेला व्हय?”

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरीण पुढं आली आणि गुणाबाईच्या डोक्यावर तिनं आपली छत्री धरली.

नागेंद्रनं आण्णाप्पाला भेटता येईल का म्हणून विचारलं. गुणाबाई घराकडं चालायला लागली. आण्णाप्पा ओसरीवर होता. सगळं गाव दारात बघून तो गोंधळला. नागेंद्र त्याच्यापुढं खाली बसला आणि पुन्हा तेच बोलला. आण्णाप्पा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “भिजलासा की हो सगळं. गुणे, च्या टाक.”

“मी न्हाय टाकणार,” गुणाबाई म्हणाली. “त्यानं खरं सांगितलं, ऐकलं मी. पण माज्या हातचा च्या त्याला मिळायचा न्हाय. पाय तुमचा गेलाय. तुमास्नी द्यायचा असंल तर द्या.”

आण्णाप्पानं कुबड्या ओढल्या, उठला आणि स्वैपाकघरात गेला. आतनं भांड्याचा आवाज यायला लागला. साखरेचा डबा कुठं आहे ते त्याला सापडत नव्हतं, हे तिला बाहेरनं कळत होतं. तिनं सांगितलं नाही. पायांवरचा चिखल न धुता ती तशीच शेताकडं निघाली. अर्धी लावणी राहिली होती, आणि वाफ्यात पाणी चढत होतं.